बार्शी पूर्वेला आहे

त्या रविवारी दुपारी मी बार्शीतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत रेडिओसंचासमोर बसलो होतो. जर्मनीत तेव्हा सकाळ असते, आणि त्या वेळी माझे व्याही मधुकरराव बॉबलिंगेनमधल्या आपल्या बागेतून मला हाक मारीत. हिवाळाभर हा शिरस्ता चालला होता. त्या दिवशी मात्र संचातून नुसती खरखर येत होती. मी सूर्याला दोष दिला. इतक्या दूरचा आवाज पोहोचायचा तर वातावरणाचे वरचे थर सूर्याने नीट चेतवलेले असावे लागतात आणि सूर्य कोणाच्या वेळापत्रकाने चालत नाही, हे मधुकररावांनीच मला शिकवलं होतं. मी अँटेना थोडी फिरवली, पुन्हा जागेवर आणली आणि वाट पाहत राहिलो… मग खिशातला फोन वाजला. माझी मुलगी सायली बोलत होती. "बाबा, तुम्ही वर बसलाय का?" तिने विचारलं. "खाली या आधी. आईजवळ बसा, मग सांगते." मधुकरराव पहाटे झोपेतच गेले होते.

आता काही आठवडे उलटले आहेत आणि मी हे बॉबलिंगेनमध्ये, त्यांच्याच घरात बसून लिहितो आहे. घरात सध्या एक प्रश्न उभा आहे. मधुकररावांनी गावाबाहेर एक बागेचा तुकडा भाड्याने घेतला होता. इथे त्याला श्रेबरगार्टन म्हणतात. तो ठेवायचा की सोडायचा? बाग गेली की अँटेनाही गेली, कारण तो पसारा कोणत्याही बाल्कनीत मावणारा नाही. आमचे जावई निखिलराव यांनी बाग सोडण्याचं पत्र लिहून ठेवलं आहे. ते महिनाअखेरीच्या आत बागांच्या संस्थेला पोहोचायला हवं. माझं मत कोणी विचारलेलं नाही. मुलीच्या बापाने अशा बाबतीत ते देऊही नये, अशाच संस्कारांत मी वाढलो आहे.

तसा मी मुळातच कमी बोलणारा. आयुष्यभर महाविद्यालयात भूगोल शिकवला. पण वर्गाबाहेर चार माणसांत उभं राहिलं की माझी वाक्यं अर्ध्यावर विरून जातात. मधुकरराव नेमके उलट. तरुणपणी ते अभियंता म्हणून इथे आले, मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली, इथेच घर केलं, आणि तरीही त्यांच्या मराठीचा साताऱ्याचा ठसका गेला नाही. फक्त मधूनमधून एखादं 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', किंवा 'आल्झो', म्हणजे 'तर मग', त्यात येऊन बसायचं. लग्नात आमची ओळख शाल, श्रीफळ आणि नमस्कार एवढीच झाली होती. त्यानंतर मुलीकडे पहिल्यांदा राहायला आलो, तेव्हा व्याह्यांच्या घरी कसं वावरायचं याचं दडपण मनावर घेऊनच आलो. सोफ्याच्या कडेवर बसायचो. चहा हवा का, असं विचारलं तर 'आपल्याला त्रास नसेल तर' असं म्हणायचो. दोन दिवस मधुकररावांनी हे सहन केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही असेच बसून राहिलात तर सोफ्याची कड खचेल. चला, बूट घाला. नळ्या कापायच्या आहेत."

कसल्या नळ्या, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही. बागेत पोहोचल्यावर कळलं. सफरचंदाच्या झाडाखाली ॲल्युमिनियमच्या लांबच लांब नळ्या पडल्या होत्या आणि लाकडी खोपटात टेबलावर एक लहानसा रेडिओसंच होता. ट्रकवाले आपापसांत बोलायला वापरतात तो सीबी रेडिओ. तरुणपणी मधुकरराव त्याच्यावर साध्या उभ्या काठीसारख्या अँटेनाने बोलत. नोकरीच्या धबडग्यात ते सुटलं, आणि निवृत्तीनंतर पुन्हा डोक्यात शिरलं. आता त्यांना दिशा धरणारी अँटेना बांधायची होती. दूरदर्शनच्या काळात आपल्या गच्च्यांवर असायची त्याच जातीची, पण खाटेएवढी नव्हे, खोलीएवढी. एका आडव्या दांड्यावर तीन नळ्या: मागची सर्वांत लांब, ती आरशासारखं काम करते, मधलीला केबल जोडायची, पुढची सर्वांत आखूड. "काठी म्हणजे घरभर पसरणारा उजेड," ते म्हणाले, "आणि ही म्हणजे बॅटरी. ताकद तीच, सरकारने दिलेली, एका फडतूस बल्बाएवढी. पण सगळी एकाच बाजूला. कळलं?" मी म्हणालो, "आपण सांगता आहात म्हणजे तसंच असेल." त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. "हे असं उत्तर माझ्या कारखान्यात कोणी दिलं असतं," ते म्हणाले, "तर मी त्याला बढती दिली असती, किंवा हाकललं असतं. नक्की सांगता येत नाही."

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा उन्हाळा ठरला. या वयात नवं काही शिकायला बसलं की हात आधी लाजतात. करवत धरायची कशी, हे मला ठाऊक नव्हतं. नळी शिकंज्यात आवळताना मी ती चेपवली. मधुकररावांनी ती उचलून सूर्याकडे धरली, आतून पाहिली आणि म्हणाले, "दुर्बीण चांगली झालीय. आता अँटेनासाठी दुसरी कापू." आमची बाउमार्क्टला खेप होऊन दुसरी नळी आली. त्या बांधकामसामानाच्या दुकानात ते स्क्रूंच्या रांगांतून असे फिरत, जसे काही लोक मंडईत आंबे निवडत फिरतात. केबलमधून संचाकडे किती ताकद परत फिरते, हे दाखवणारा एक काटा होता. तो खाली येईपर्यंत मधल्या नळीची टोकं नखभर आत सरकवायची, नखभर बाहेर काढायची. मी शिडीवर, ते टेबलापाशी. "आत!" "घेतली." "अहो, बाहेर!" "घेतली." "आता हात काढा, तुमच्या हातानेही काटा हलतो." मी हात काढला आणि काटा जवळजवळ तळाला जाऊन बसला. मधुकरराव खोपटातून बाहेर आले आणि हात चोळत झाडाभोवती एक फेरी मारून आले. विहीणबाई सुनंदाबाई टोमॅटोंना पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, लक्ष देऊ नका. निखिलच्या जन्माच्या वेळीसुद्धा एवढे फिरले नव्हते."

मग आवाज येऊ लागले. बागेच्या संस्थेचा, म्हणजे फेराइनचा, नियम असा की अँटेनाचा खांब कायम उभा ठेवायचा नाही; म्हणून रोज सकाळी तो उभा करायचा आणि संध्याकाळी आडवा. पण त्या मधल्या वेळात काय काय घडे! अँटेना हाताने दक्षिणेकडे वळवली की सिसिलीचा एक मासेमार खणखणीत बोलू लागे. तीच वायव्येला नेली की सिसिली बुडून जाई आणि आयर्लंडमधला एक बेकरीवाला वर येई, जणू कोणी खोलीतली माणसं बदलत होतं. मी नकाशे शिकवण्यात उभा जन्म घालवला होता, पण दिशा ही हाताने ढकलता येणारी, कानाने ऐकू येणारी वस्तू आहे, हे मला प्रथमच कळत होतं. खांब फिरवायचं काम मी मागून घेतलं. बोलायचं काम मात्र त्यांचं. मायक्रोफोन माझ्याकडे आला की मी तो परत त्यांच्या हातात देई. "नुसतं नाव सांगा," ते म्हणत. मी मान हलवून नकार देई आणि तो माणूस तिकडे सिसिलीत माझ्या मान हलवण्याची वाट पाहत राही.

भारताचा विषय त्यांनीच काढला. माझा व्हिसा संपत आला होता. आम्ही खोपटात बसून डब्यातली थालीपीठं खात होतो. ते म्हणाले, "तुम्ही बार्शीला जाऊन अशीच एक बांधा. मी इथून बोलतो, तुम्ही तिथून." सायली तेव्हा तिथेच होती. ती म्हणाली, "अहो, व्हॉट्सॲपवर रोज बोलाल की तुम्ही दोघं. नाही म्हणजे, तुम्ही बोलाल आणि आमचे बाबा हं-हं करतील." "त्यात मध्ये दहा कंपन्या असतात," मधुकरराव म्हणाले. "यात मध्ये कोणी नाही. आम्ही, नळ्या आणि सूर्य. एकदा, एकदाच मला माझ्या हाताने बांधलेल्या वस्तूतून घरच्या बाजूला हाक मारायची आहे. लागली तर लागली." त्यांनी हे हसत सांगितलं, पण नंतर थालीपीठ हातात तसंच राहिलं. सातारचं घर विकून बरीच वर्षं झाली होती. घरची बाजू म्हणून त्यांच्यासाठी आता बहुधा आम्हीच उरलो होतो.

लगेच त्यांनी उठून अँटेनाचं तोंड आग्नेयेला केलं. भारत म्हणजे खाली उजवीकडे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो तसाच असतो. आता, पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट नकाशावरच्या रेषेने जात नाही. बॉबलिंगेनहून बार्शीची वाट जवळजवळ पूर्वेलाच निघते, किंचित दक्षिणेकडे कललेली, आणि वाटेत वळत खाली येते. हे मी वर्षानुवर्षं मुलांना दोरा आणि पृथ्वीगोल घेऊन दाखवत आलो होतो. मी म्हणालो, "पूर्व दिशाही विचारात घेण्यासारखी आहे." मधुकररावांनी पूर्वेकडे पाहिलं. तिकडे कार्यालयांच्या काचेच्या इमारती होत्या. "हो, सकाळी छान दिसते," ते म्हणाले. विषय तिथेच संपला. वराच्या वडिलांना याहून अधिक स्पष्ट बोलणं मला शक्य नव्हतं.

बार्शीला परतल्यावर मी कामाला लागलो. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळतात त्या सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडे. त्याने विचारलं, "सर, खिडकी केवढी?" मी म्हणालो, "जर्मनीपर्यंत." हा माझा आयुष्यातला पहिला विनोद असावा, आणि तो त्याला कळला नाही. शेजारच्या गच्चीवरून लोक पाहत. पूर्वी मला हे सोसलं नसतं. आता मी शिडीवर चढून नखभर आत, नखभर बाहेर करीत होतो आणि कोण पाहतंय याकडे माझं लक्षच नव्हतं. काटा तळाला गेला त्या दिवशी मीही गच्चीवर एक फेरी मारली.

पण रविवारामागून रविवार गेले आणि आमची हाक एकमेकांना लागेना. मी माझी अँटेना बरोबर वायव्येला धरली होती. मधुकरराव आग्नेयेकडे बोलत होते. फोनवर ते म्हणत, "तुमची केबल तपासा," आणि मी ती तपासत असे. "माझं वय झालं, कान गेले असतील," असंही एकदा म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात जी निराशा होती ती माझ्याने ऐकवेना. मी फोन ठेवला, घोटभर पाणी प्यालो आणि पुन्हा लावला. उभा राहूनच बोललो. "मधुकरराव, आपल्या अँटेनाचं तोंड चुकतं आहे. बार्शी पूर्वेला आहे."

ते म्हणाले, "हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मी बोललो होतो."

"काय बोलला होतात?"

"पूर्व दिशाही विचारात घेण्यासारखी आहे, असं."

"व्याहीबुवा, याला सांगणं म्हणतात? मला वाटलं तुम्ही सूर्योदयाचं कौतुक करताय!" मागे सुनंदाबाई हसत असल्याचं मला ऐकू आलं. मी दोरा आणि पृथ्वीगोल आणायला सांगितलं. गोल घरातच होता. बराच वेळ खुडबुड झाली आणि मग फोनवर एकच शब्द आला, "गेनाऊ." थोड्या वेळाने दुसरं वाक्य आलं: "मी इतकी वर्षं घराकडे तोंड करून बसतो असं समजत होतो, आणि बघत होतो दुसरीकडेच."

पुढच्या रविवारी मी खरखरीत कान घालून बसलो होतो. दिवाळी नुकतीच झाली होती, गच्चीवर ऊन चांगलंच होतं. खरखर जरा पातळ झाली. तिच्या तळातून काही तरी वर येऊ लागलं, पाण्याखालून कोणी बोलावं तसं, वर-खाली होत… आणि मग एकाएकी स्वच्छ, सातारी, माझ्या टेबलावर: "बार्शी, बार्शी, बॉबलिंगेन बोलतंय. व्याहीबुवा, चहा झाला का?" मी बटण दाबलं. हजारो किलोमीटरचा वळसा घेऊन आलेल्या त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "झाला. आपला?" तिकडून जो आवाज आला ते हसणं होतं की हुंदका, हे सूर्याने मला नीट कळू दिलं नाही. माझी पत्नी धावत वर आली, कारण मी ओरडत होतो म्हणे. मी काय ओरडत होतो ते तिलाही सांगता आलं नाही.

त्यानंतर सगळा हिवाळा आम्ही बोललो. कधी सूर्य साथ देई, कधी अर्ध्या वाक्यात वाट बंद होई. सीबीवर एक मोठी सोय असते: एकाने बटण दाबलेलं असताना दुसऱ्याला मध्ये बोलताच येत नाही. ज्याच्या वाक्यांवर आयुष्यभर इतरांची वाक्यं येऊन पडली, त्याला यासारखं सुख नाही. मी बोलायचो आणि शेवटापर्यंत बोलायचो. मधुकरराव तिकडे गप्प बसून ऐकत. त्यांनाही हे नवीनच असणार. मी त्यांना माझ्या वडिलांविषयी सांगितलं, जे मी पत्नीलाही कधी धड सांगितलं नव्हतं. त्यांनी मला सातारच्या घराविषयी सांगितलं, ते विकायला जाताना किल्ली लागेना त्या सकाळविषयी. मानपान कुठे गळून पडला, कळलं नाही. 'आपण' मात्र माझ्या तोंडातून शेवटपर्यंत सुटला नाही, आणि त्यांनी तो सोडवण्याचा नाद सोडून दिला.

परवा सकाळी आम्ही बागेत गेलो. निखिलराव अवजारं काय काय आहेत ते पाहत होते. नव्या भाडेकरूला काय द्यायचं, काय फेकायचं. सुनंदाबाई बाकावर बसल्या होत्या. मी सहज म्हणून खांब उभा करू लागलो, तेव्हा निखिलरावांनी दुसऱ्या बाजूने हात दिला. खांबाच्या पायाशी मला एक नवी गोष्ट दिसली. मधुकररावांनी हिवाळ्यात तिथे एक गोल लाकडी चकती बसवली होती, आणि खांबाला एक बाण. खांब फिरला की बाण चकतीवर फिरे. कडेने तांबड्या रंगात, त्यांच्या खणखणीत देवनागरीत दिशा लिहिल्या होत्या: सिसिली, आयर्लंड, स्पेन. पूर्वेच्या किंचित खाली मात्र गावाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'व्याही'.

आम्ही बाण तिथे नेला. मी खोपटात जाऊन संच लावला आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. खरखर आली. समोर, त्या काचेच्या इमारतींच्या पलीकडे, माझीच गच्ची होती आणि तिथे कोणी नव्हतं. मी बोलायला येण्याआधी ते दर रविवारी हेच ऐकत असणार… आश्चर्य म्हणजे मला त्यात रिकामं काही वाटलं नाही. कोणत्याही क्षणी कोणी बोलेल, अशी ती खरखर होती. सुनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही इथे बसलात, तर तिथून कोण बोलणार?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कोणी नाही." "मला टोमॅटोतलं कळतं, यातलं नाही," त्या म्हणाल्या. "पण बटण दाबायला शिकवाल तर दाबीन. तुम्ही बार्शीला गेलात की रविवारी मी येऊन बसेन. इतकी वर्षं ह्यांची बडबड ऐकली, आता तुमची ऐकेन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, त्या पत्राचं तुम्ही निखिलला सांगा. माझं तो ऐकतोय, पण मी दुःखात बोलतेय असं समजतो."

जावयाला काही सांगायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. मी खोपटाबाहेर आलो. निखिलराव खांबाला दोरी बांधत होते. पण या वेळी मी दिशा विचारात घेण्यासारखी वगैरे काही म्हणालो नाही.

"निखिलराव," मी म्हणालो, "बाग सोडू नका."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, चकतीवरच्या बाणाकडे पाहिलं.

"बरं बाबा," ते म्हणाले. "मग ही दोरी जरा धरा. गाठ पक्की मारतो."